रानहंसांसाठी डिकॉयची मांडणी : वाचकांचे प्रश्न

कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत गहू, बार्ली आणि वाटाण्याची काढणी संपत आली की उत्तरेकडून येणारे रानहंस धसकटांच्या शेतांत चरायला उतरतात, आणि त्याच सुमारास या स्तंभाकडे डिकॉयविषयी, म्हणजे रानहंसांना जवळ आणण्यासाठी मांडल्या जाणाऱ्या नकली पक्ष्यांविषयी, प्रश्न येऊ लागतात. त्यांतील पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : मी सास्काटूनजवळ राहतो. गेल्या हंगामात शेजाऱ्यांबरोबर शिकारीला गेलो होतो. या वर्षी माझा स्वतःचा परवाना आहे. माझ्याकडे कॅनडा गूज या रानहंसाचे तीन डझन डिकॉय आहेत, अर्धे पूर्ण आकाराचे आणि अर्धे सपाट. काढणी झालेल्या वाटाण्याच्या शेतात ते कसे मांडावेत? इंटरनेटवर यू, जे, एक्स अशा अक्षरांच्या आकारांतले नकाशे दिसतात. त्यांतला कोणता बरोबर?

उत्तर : अक्षरांचे नकाशे तूर्त बाजूला ठेवावेत. मांडणी ठरते ती आदल्या संध्याकाळी, आणि ती ठरवतात पक्षीच. रानहंस रात्र पाण्यावर काढतात आणि सकाळ-संध्याकाळ शेतात चरतात. ज्या शेतात ते संध्याकाळी निर्धास्तपणे चरले, त्याच शेतात, बहुधा त्याच तुकड्यावर, ते दुसऱ्या सकाळी परततात. म्हणून आदल्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला गाडीतच बसून दुर्बिणीतून त्यांना पाहावे आणि ते उठून पाण्याकडे जाईपर्यंत तिथून हलू नये. थवा शेताच्या कोणत्या भागात उतरला, दोन पक्ष्यांत साधारण किती अंतर होते, किती जणांच्या माना खाली होत्या आणि किती जणांच्या वर, मागून आलेली टोळी आधी बसलेल्यांच्या पुढे उतरली की मागे, एवढे जरी नीट पाहिले तरी दुसऱ्या दिवशीचा नकाशा हातात येतो, आणि तो त्या शेताचा आणि त्याच थव्याचा असतो.

पक्षी गेल्यावर, शेतमालकाची परवानगी आधीच घेतलेली असेल तर, त्या जागेपर्यंत चालत जावे. ताजी ओली विष्ठा, गळलेली करडी पिसे आणि चोचीने उकरलेली धसकटे दिसतील. जिथे विष्ठा सर्वांत दाट, ती जागा फोनमध्ये नोंदवून ठेवावी. अंधारात सपाट शेतात दिशेचा अंदाज सहज चुकतो, आणि दीडशे मीटर बाजूला मांडलेले उत्तम डिकॉयसुद्धा पक्ष्यांना त्यांच्या ठरलेल्या जागेवरून हटवू शकत नाहीत. ज्या पाण्यावर ते रात्र काढतात तिथे मात्र जाऊ नये आणि तिथे बार तर मुळीच टाकू नये. रात्रीचा आसरा मोडला की थवा तो परिसरच सोडतो.

पहाटे सूर्योदयाच्या निदान दीड तास आधी पोहोचावे आणि सर्वांत आधी वारा पाहावा. रानहंस वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, याला जवळजवळ अपवाद नाही. याचा अर्थ ते वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूने, येतील, आणि आपल्याला उतरण्याची जागा त्यांच्यासाठी त्याच बाजूने उघडी ठेवायची आहे. पुस्तकी मांडणीत शिकारी वारा थेट पाठीवर घेऊन बसतो. ती चुकीची नाही, पण त्यात येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याची नजर सरळ लपणावर, म्हणजे शिकारी दडून बसतो त्या आडोशावर, असते. मला स्वतःला वारा बाजूने घेऊन बसणे अधिक पसंत आहे: पक्षी डावीकडून उजवीकडे किंवा उजवीकडून डावीकडे समोरून उतरतात, त्यांचे डोळे डिकॉयवर राहतात आणि आपण त्यांच्या नजरेच्या कडेला असतो. सूर्यही शक्यतो आपल्या पाठीशी असावा, मात्र वारा आणि सूर्य यांत निवड करावी लागली तर वाऱ्याचेच ऐकावे.

आता प्रत्यक्ष मांडणी. कॅनडा गूज कुटुंबाने वावरतो. त्या वर्षीची पिल्ले पहिला हिवाळाभर आई-बापांबरोबरच राहतात. मोठा थवा म्हणजे अशी अनेक कुटुंबे शेजारी शेजारी चरत असतात. म्हणून छत्तीस डिकॉयचे चार, पाच, सहा अशा वेगवेगळ्या संख्येचे सहा-सात गट करावेत, गटातल्या दोन पक्ष्यांमध्ये पाच ते सहा फूट अंतर ठेवावे आणि दोन गटांमध्ये त्याच्या दुप्पट. पंगतीला बसवल्यासारखे एका ओळीत ते कधीही मांडू नयेत. नवख्या माणसाचा हात नकळत पक्षी जवळजवळ ठेवतो, कारण अंधारात डिकॉय भराभर ठेवून मोकळे व्हायचे असते. परंतु एकमेकांना चिकटून उभा असलेला थवा म्हणजे घाबरलेला, उडण्याच्या बेतात असलेला थवा, हे वरून येणाऱ्या पक्ष्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. पोटभर चरणारे रानहंस ऐसपैस पसरलेले असतात.

मुद्रेबाबतही हेच लागू होते. पूर्ण आकाराच्या डिकॉयच्या संचात काहींच्या माना जमिनीकडे झुकलेल्या असतात, काही विसावलेले असतात आणि काही मान ताठ करून पाहणारे असतात. खऱ्या थव्यात काही पक्षी पहारा देतात, पण ते थोडे असतात. पाच-सहा चरणाऱ्यांमागे एक पहारेकरी पुरे, आणि तोही गटाच्या कडेला ठेवावा. सगळ्या माना वर असतील तर त्या शेतात काहीतरी बिघडले आहे, असाच त्याचा अर्थ होतो. जोराचा वारा असेल तर बहुतेकांची तोंडे वाऱ्याकडे करावीत. वारा मंद असेल तर दिशा मुक्तपणे बदलाव्यात.

आपल्याकडच्या सपाट डिकॉयकडे कमीपणाने पाहू नये. त्यांचे बळ एका साध्या गोष्टीत आहे: समोरून पाहिले तर पूर्ण पक्षी दिसतो, कडेकडून पाहिले तर काहीच दिसत नाही. ते सगळे वेगवेगळ्या कोनांत रोवले तर वरून फेरी मारणाऱ्या थव्याला काही पक्षी नाहीसे होताना आणि काही नव्याने दिसताना वाटतात, आणि ती हालचालच होते. मी पूर्ण आकाराचे डिकॉय उतरण्याच्या जागेभोवती ठेवीन, कारण शेवटच्या क्षणी पक्षी त्यांनाच जवळून पाहतात, आणि सपाट डिकॉय वाऱ्याच्या वरच्या अंगाला व कडांना पसरीन.

उतरण्याची जागा म्हणजे गटांच्या मधोमध मोकळी सोडलेली, पंधरा-वीस मीटर रुंदीची जमीन. ती लपणापासून साधारण वीस मीटरवर असावी. सर्वांत दूरचा डिकॉय लपणापासून पस्तीस पावलांवर ठेवावा आणि त्याच्या पलीकडच्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही, असे मनाशी ठरवावे. ही मर्यादा मी आग्रहाने सांगतो. जलपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर अमेरिकेत १९९१ पासून आणि कॅनडात १९९९ पासून देशभर बंदी आहे, कारण तळ्यांच्या गाळात साचलेले शिसे गिळून पक्षी विषबाधेने मरत होते. त्यांच्या जागी आलेले पोलादी छर्रे शिशापेक्षा हलके असल्याने त्यांचा जोर लांबवर लवकर ओसरतो. पन्नास-साठ मीटरवर मारलेला बार कॅनडा गूजसारख्या जाड पिसांच्या थोराड पक्ष्याला बहुतेक वेळा फक्त जखमी करतो, आणि तो दोन शेते ओलांडून कुठेतरी पडतो. डिकॉय मांडायचे ते पक्षी इतका जवळ यावा म्हणून की पहिल्याच बाराला तो जागच्या जागी मरावा. मांडणी चांगली झाली की नाही, हे किती पक्षी मिळाले यावरून ठरवू नये. ते किती अंतरावर मिळाले यावरून ठरवावे.

हे सर्व करून झाल्यावर थोडे दूर जाऊन पाहावे. मोकळ्या जागेच्या दोन्ही अंगांना गट पसरलेले आणि एका टोकाला जोडलेले दिसले, तर यू तयार झालेला असतो. एक अंग लांब राहिले असेल तर जे. आकार असा आपोआप होतो.

प्रश्न : आम्ही विनिपेगचे तिघे मित्र दोन हंगामांपासून एकत्र जातो. रानहंस आमच्या डिकॉयकडे वळतात, दोन फेऱ्या मारतात, पंखही सैल सोडतात, आणि ऐनवेळी ऐंशी-नव्वद मीटरवरून वळून निघून जातात. आम्ही डिकॉयची संख्या दुप्पट केली, तरी फरक पडला नाही. काय चुकत असावे?

उत्तर : आपल्या वर्णनातच उत्तराचा मोठा भाग आहे. थवा वळतो आणि फेऱ्या मारतो, म्हणजे डिकॉयनी त्यांचे काम केले आहे. ऐनवेळी जे त्याला खटकते ते बहुधा लपणात असते, आणि तिथे डिकॉय वाढवून काही साधत नाही. पुढच्या वेळी तिघांपैकी एकाने बंदूक गाडीत ठेवावी, दोनशे मीटरवर बांधाच्या आडोशाला बसावे आणि थवा नेमका कुठे बिचकतो ते पाहावे. लपणाच्या बरोबर वर येऊन बिचकत असेल तर लपणच उघडे पडले आहे. मोकळ्या जागेपर्यंत येऊन मग डिकॉयच्या बाहेर उतरायला पाहत असेल, तर मोकळी जागा अरुंद आहे किंवा चुकीच्या बाजूला आहे. लांबूनच दिशा बदलत असेल तर ते शेत त्यांच्या रोजच्या वाटेवर नाही.

लपणाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचे घोडे इथेच अडते. जमिनीला लागून आडवे झोपण्याचे जे कापडी लपण मिळते, त्याचे कापड नवे असताना चकाकते. विकत घेतल्यावर त्यावर पातळ चिखल फासून तो वाळू द्यावा, मग झाडून टाकावा, म्हणजे चकाकी मरते. त्यानंतर ज्या शेतात बसायचे त्याच शेतातली धसकटे त्याच्या पट्ट्यांत खोवावीत. गव्हाची पिवळी धसकटे लावलेले लपण वाटाण्याच्या काळपट शेतात नेले तर ते वरून वेगळे उठून दिसते. धसकटे खोवताना ती उभी राहतील असे पाहावे, आणि लपणाच्या कडेला जिथे सावली पडते तिथे जास्त लावावीत. सकाळच्या तिरप्या उन्हात लपणाची सावली त्याच्या दुप्पट लांब होते आणि वरून आधी सावलीच दिसते. चेहरा झाकलेला असावा. थवा डोक्यावर असताना वर पाहण्याचा मोह आवरता येत नसेल, तर टोपीची कड खाली ओढून तिच्या खालूनच पाहावे. आधीच्या बारांची रिकामी काडतुसे उचलून घ्यावीत, चहाचा थर्मास आणि कुत्रा दोन्ही झाकलेले असावेत.

दुसरी शक्यता दवाची किंवा हिमकणांची. ऑक्टोबरच्या पहाटे प्लॅस्टिकच्या पाठीवर हिमकणांचा पांढुरका थर चढतो आणि सूर्य उगवला की ती पाठ आरशासारखी चमकते. खऱ्या पक्ष्याच्या पिसांवर असे होत नाही. जवळ मऊ झाडू ठेवावा आणि ऊन पडण्याआधी प्रत्येक डिकॉयची पाठ पुसून घ्यावी. याला दहा मिनिटे लागतात, आणि ज्या दिवशी ती घेतली नाहीत त्या दिवशी थवा लांबूनच वळतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

काठीला बांधलेले काळे कापड हलवून लक्ष वेधण्याची पद्धत आपण वापरत असाल, तर थवा दूर असेपर्यंतच ते हलवावे. पक्षी आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की कापड खाली आणि रानहंसांची हाक काढण्याची शिट्टीही शांत. चरण्यात गुंतलेला थवा फारसा बोलत नाही.

हंगाम जसा पुढे सरकतो तसे हेच पक्षी शहाणे होतात. सप्टेंबरात पहिल्यांदाच दक्षिणेकडे निघालेल्या पिल्लांनी डिकॉय पाहिलेले नसतात. महिन्याभरानंतर त्यांनी अनेक शेतांवरून बंदुकांचे आवाज ऐकलेले असतात. त्या वेळी संख्या कमी करून, बारा-पंधरा डिकॉय फार पसरून मांडणे अधिक उपयोगी पडते.

प्रश्न : हीच मांडणी स्नो गूजसाठी चालेल का? (रेजायना)

उत्तर : नाही. स्नो गूज हे पांढरे रानहंस हजारोंच्या थव्यांनी हिंडतात आणि छोट्या गटांवर त्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी शेकड्यांनी डिकॉय लागतात. एवढे पूर्ण आकाराचे पक्षी विकत घेणे आणि वाहून नेणे कोणाला परवडत नसल्याने वाऱ्याने फुगणाऱ्या पांढऱ्या कापडी पिशव्या काठीवर लावून वापरतात. टेक्ससच्या किनारपट्टीवरील भातशेतांत तर पूर्वीपासून नुसत्या पांढऱ्या चिंध्या धसकटांवर टाकून आणि स्वतः पांढरे कपडे घालून शिकारी त्यांच्यात बसत आले आहेत. कापडी डिकॉयची अडचण एकच, वारा पडला की ते लटकतात आणि मेलेले दिसतात. त्यामुळे वारा नसलेल्या सकाळी ते घेऊन जाऊ नये.

स्नो गूजबाबत नियमही वेगळे आहेत, आणि त्याचे कारण गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडच्या शेतांतले सांडलेले धान्य खाऊन त्यांची संख्या इतकी वाढली की हडसन उपसागराच्या काठची त्यांची विणीची दलदल त्यांनी मुळासकट उकरून उजाड केली. मॅनिटोबातील चर्चिल गावाच्या परिसरात ती ओसाड, खारट चिखलाची जमीन आजही दिसते. त्यावर उपाय म्हणून १९९९ पासून अमेरिकेत आणि कॅनडात त्यांच्या वसंतातल्या खास शिकारीला परवानगी मिळाली, आणि एरवी निषिद्ध असलेला ध्वनिमुद्रित आवाजही त्यासाठी वापरता येतो. कॅनडा गूजच्या शिकारीला मात्र ती मुभा आहे असे समजू नये, आणि दर हंगामाचे आपल्या प्रांताचे नियमपत्रक वाचल्याशिवाय शेतात उतरू नये.

प्रश्न : माझा मुलगा मॅनिटोबात नोकरीला आहे. त्याने नकली पक्षी मांडून केलेल्या शिकारीची छायाचित्रे पाठवली. पाखराला अशा रीतीने फसवून मारणे मला पटत नाही. शिवाय एक शंका : आपल्याकडे जायकवाडीला येणाऱ्या पट्टकादंब या रानहंसांची छायाचित्रे काढण्यासाठी असे नकली पक्षी काठावर मांडता येतील का? (पुणे)

उत्तर : आपला आक्षेप मी आदराने घेतो, ज्यांना शिकारच मान्य नाही, त्यांना डिकॉयची कोणतीही बाजू पटवून देण्याचा माझा प्रयत्न नाही. आपल्या मुलाच्या बाजूने एवढेच सांगता येते की, डिकॉयशिवाय रानहंसांची शिकार म्हणजे बहुतेक वेळा उंचावरून जाणाऱ्या थव्यावर लांबून टाकलेला बार, आणि त्यात जखमी होऊन निसटणारे पक्षी जास्त. फसवणुकीची सीमा कुठे असावी, हा विचार तिथल्या कायद्यानेही केला आहे. पूर्वी जिवंत रानहंसांच्या पायाला दोरी बांधून त्यांना शेतात आणि पाण्यात ठेवत आणि त्यांच्या हाकेने थवे उतरवत. अमेरिकेने १९३५ साली जिवंत पक्ष्यांचा असा वापर आणि दाणे टाकून पक्षी बोलावणे, दोन्ही बंद केले. कॅनडात पाडलेला पक्षी शोधून उचलणे आणि त्याचे मांस वाया जाऊ न देणे हे शिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मुलाला विचारून पाहावे, त्याच्या घरी ते मांस शिजते का. मांड्या चिवट असतात, पण कुकरमध्ये निवांत शिजवून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उत्तम लागतात.

कॅनडातील जेम्स उपसागराच्या काठच्या क्री या मूळनिवासी लोकांचे जगणे तर पिढ्यान्‌पिढ्या या पक्ष्यांवर उभे आहे. टॅमरॅक नावाच्या झाडाच्या बारीक फांद्या जुळवून, बांधून ते रानहंस घडवत आणि काठावर ठेवत. आजही वसंतात थवे परततात तेव्हा क्युबेकच्या क्री वस्त्यांत शाळांना सुटी असते आणि कुटुंबेच्या कुटुंबे रानात राहायला जातात.

जायकवाडीबाबत उत्तर स्पष्ट आहे : मांडू नयेत. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, हे पक्षी अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे, हाकणे आणि आमिष दाखवणे यांचाही समावेश होतो. आपला हेतू केवळ छायाचित्राचा असला तरी अभयारण्यात पक्ष्यांना भुलवणारी वस्तू ठेवणे योग्य नाही. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हिवाळाभर इथे चरून परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. त्यांना एकदा विनाकारण उठवले तरी त्या साठ्यातला काही भाग खर्च होतो. सकाळी लवकर जाऊन, काठापासून लांब लपणात बसून मोठ्या लेन्सने जे मिळेल ते घ्यावे. गहू-हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात ते चरायला येतात, तिथे शेतकऱ्याची परवानगी काढून बांधावर बसल्यास पाण्याकाठापेक्षा चांगली छायाचित्रे मिळतात.

प्रश्न : बाल्टिमोरजवळ एका घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत मला लाकडी रानहंस मिळाला. रंग उडालेला आहे, मानेला चीर आहे. तो रंगवून दिवाणखान्यात ठेवावा म्हणतो.

उत्तर : कृपया रंगवू नये. चेसापीक उपसागराच्या परिसरात शिकाऱ्यांसाठी हाताने कोरलेले असे पक्षी आज लोककलेचे नमुने मानले जातात. क्रिसफिल्डच्या लेम आणि स्टीव्ह वॉर्ड या बंधूंचे काम संग्रहालयांत आहे. मॅसॅच्युसेट्सच्या ईस्ट हार्विचमधील एल्मर क्रोवेल यांनी कोरलेला झोपलेला कॅनडा गूज आणि एक पिनटेल बदक २००७ साली प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरना विकले गेले. आपला पक्षी त्या तोलाचा असेलच असे नाही, परंतु मूळ रंग, मग तो कितीही झिजलेला असो, गेला की त्याची ओळख पटवणे अवघड होते आणि किंमत बहुतांशी संपते. पक्षी उलटा करून तळ पाहावा : कोरलेली अक्षरे, डागलेली खूण, ठोकलेली शिशाची पट्टी किंवा दोरीसाठी लावलेली कडी यांतले काही आहे का, ते टिपावे आणि तळाची, मानेच्या सांध्याची व चोचीची स्वच्छ उजेडात छायाचित्रे काढावीत. हॅव्हर डी ग्रेस इथे खास डिकॉयचेच संग्रहालय आहे. बाल्टिमोरहून ते लांब नाही. मानेची चीर तोवर गोंदाने भरू नये, आणि पक्षी ऊन व हीटरपासून दूर ठेवावा.